दोनदा फॉरमॅट मारूनही न सुधारलेला कॉम्प्युटर: देवगडच्या एका आंबा बागायतदाराकडचं प्रकरण

गेल्या चैत्रात, अक्षय्य तृतीया नऊ दिवसांवर आलेली असताना सकाळी साडेसातला फोन आला. "भाऊनू, तुम्ही आज येतल्यात काय? कॉम्प्युटर चालू होता, पण काय्येक करूक देणा नाय."

फोन देवगड तालुक्यातल्या, कुणकेश्वरच्या बाजूच्या एका वाडीतून होता. घर हापूसवाल्यांचं. सासऱ्यांना सगळी वाडी नाना म्हणते, ते बाग बघतात. ऑर्डरी, बिलं आणि पेट्यांचा हिशेब सूनबाईंकडे. मी त्यांना वहिनी म्हणतो. कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम मी अठरा वर्षं करतोय, त्यामुळे एप्रिलमधल्या अशा फोनचं वजन मला कळतं. इथे वर्षाची कमाई दोन महिन्यांत होते. तयार होत आलेला आंबा कॉम्प्युटर दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की यात चार वेगवेगळे बिघाड एकमेकांत गुंतले होते. त्यांच्यावर आधी एकच उपाय दोनदा करून झाला होता, आणि त्या उपायानं पाचवा बिघाड जन्माला घातला होता.

आधी काय झालं होतं

मी कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी माणसाला बोलू देतो. कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, त्याआधी काय बदललं, कोणी काय केलं, एवढे चार प्रश्न. वहिनींनी जे सांगितलं त्यातून हा क्रम लागला.

मशीन २०१९ सालचं, ब्रँडेड, आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. शिमग्याच्या सुमारास ते मंद झालं. सकाळी चालू केलं की कधीकधी काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं यायचं आणि दुपारी तेच मशीन निमूट चालू व्हायचं. एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्यानं फॉरमॅट मारला. आठ दिवस बरं चाललं. मग गिऱ्हाइकांच्या यादीतली मराठी नावं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन दिसायला लागली आहेत, हे वहिनींच्या लक्षात आलं. 'व्हायरस आहे' असं निदान झालं आणि दुसरा फॉरमॅट पडला. सोबत एक अँटीव्हायरस, एक 'क्लीनर' आणि एक 'ड्रायव्हर अपडेटर' बसवला गेला. नावं होती तशीच राहिली. आता मशीन चालू व्हायला बारा मिनिटं लागत होती, एक्सेल फाइल सेव्ह करताना पडदा पांढरा पडून गोठत होता, आणि दर सकाळी 'डी ड्राइव्हचं स्कॅनिंग आणि दुरुस्ती चालू आहे' हे वाक्य टक्क्यांसकट दिसत होतं. ते टक्के अकरावर अडकले की वहिनी स्वयंपाकाला लागायच्या.

"पण डाटा डीमध्ये आसा," त्या म्हणाल्या. "फॉरमॅट फक्त सीक मारलो."

हा समज कोकणात काय, सगळीकडे आहे. सी आणि डी या दोन डिस्का नव्हेत. एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत त्या, मधे एक कुडाची भिंत. छप्पर गळायला लागलं की दोन्हींत पाणी येतं.

पहिला तास, आणि माझा चुकलेला अंदाज

कॉम्प्युटर पडवीत होता, पश्चिमेच्या खिडकीखाली. शेजारच्या खोलीत आढी लावलेली. गवताचा वास आणि पिकत आलेल्या हापूसचा वास एकत्र येत होता. कॅबिनेटच्या धातूला हात लावला तर बोटांना झिणझिण्या आल्या.

मला आधी वाटलं, वीज. वाडीत दिवसातून पाच-सहा वेळा लाइट डोळा मारते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमची नोंदवही पाहिली तर 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद एका महिन्यात त्रेसष्ट वेळा. या नोंदीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नाही, एवढंच ४१ सांगते. ते कशामुळे, हे सांगत नाही. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' असतो. तो शून्य असेल तर बहुतेक वेळा वीजच गेलेली असते. शून्य नसेल तर निळा पडदा येऊन मशीन पडलं आहे. इथे जवळजवळ सगळे शून्य होते. यूपीएस उघडला, आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी फुगून अडकली होती. म्हणजे लाइट गेली की मशीन त्याच क्षणी जात होतं, आणि वहिनींना वाटत होतं की यूपीएसचं काम फक्त व्होल्टेज सांभाळणं.

इथेच थांबलो असतो तर मी बॅटरी बदलून, पैसे घेऊन निघून गेलो असतो आणि चार दिवसांनी पुन्हा फोन आला असता. विजेचा बिघाड खरा होता, पण बारा मिनिटांचं उत्तर त्यात नव्हतं. लाइट जाण्यानं मशीन बंद पडतं. चालू असलेलं मशीन त्यानं मंद होत नाही.

म्हणून टास्क मॅनेजर. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्क १०० टक्के. हा आकडा पाहून पुष्कळ लोक लगेच विंडोज अपडेट बंद करतात, सर्च इंडेक्सिंग बंद करतात. त्याच पानावर खाली दोन आकडे असतात, तेच खरे बोलतात: वाचण्या-लिहिण्याचा वेग आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ. डिस्क १०० टक्के आणि वेग सेकंदाला ८०-१०० एमबी असेल तर कोणतं तरी सॉफ्टवेअर खरंच काम करतंय. रिसोर्स मॉनिटरमध्ये ते कोणतं हे दिसतं. इथे डिस्क १०० टक्के, वेग ०.३ एमबी आणि प्रतिसादाचा वेळ ४,८०० मिलिसेकंद. निरोगी हार्ड डिस्कला साधारण १० ते २० मिलिसेकंद लागतात. ही डिस्क काम करत नव्हती, एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती.

पुन्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेलो, या वेळी ४१ बाजूला ठेवून. तिथे ७ होता, म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक. १५३ होता, म्हणजे वाचन पुन्हा करावं लागलं. आणि १२९ होता, म्हणजे डिस्कनं उत्तरच दिलं नाही म्हणून विंडोजनं तिला धक्का देऊन रीसेट केलं. तिन्हींच्या तारखा दुसऱ्या फॉरमॅटनंतर लगेच सुरू होत होत्या. त्याआधीच्या नोंदी फॉरमॅटनं पुसल्या होत्या. फॉरमॅटचा हा तोटा फारसा कुणी बोलत नाही: रोग तिथेच राहतो आणि केसपेपर जळतो.

डिस्कचे आकडे

पेनड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो चालवला. हे छोटं, फुकट, इन्स्टॉल न करताही चालणारं टूल आहे आणि माझ्या पिशवीतलं एकच टूल ठेवायचं म्हटलं तर मी हेच ठेवीन. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, ज्याला स्मार्ट म्हणतात, ती हे दाखवतं. पिवळा चौकोन आणि 'कॉशन' आला. पिवळ्या रंगावर थांबू नये, खालचे आकडे वाचावेत. ते सुरुवातीला सोळा-आधारी पद्धतीत दिसतात. फंक्शन मेनूतून ते दशमान करून घेतले नाहीत तर ९८ दिसलं की माणूस अठ्ठ्याण्णव समजतो, आणि ते असतात १५२.

तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. ०५, म्हणजे खराब ठरवून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे): ५६. सी५, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर: १५२. आणि सी७, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वायरीत माहिती बिघडल्याची मोजणी: ७५३.

सी७नं मला थांबवलं. हा आकडा डिस्कच्या पृष्ठभागाचा नसतो, वाटेचा असतो. कॅबिनेट उघडलं. आढीच्या गवताचा बारीक भुसा पंख्यावर साय धरल्यासारखा बसला होता, आणि डिस्कच्या साटा केबलचं टोक काढलं तर पितळी संपर्कांवर पांढरट-हिरवा थर. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. खाऱ्या वाऱ्यानं इथे खिडक्यांचे गज खाल्ले जातात, तर केसाएवढे संपर्क काय टिकणार?

सकाळचं कोडं इथे सुटलं. रात्रभर मशीन थंड, हवा दमट, तो थर ओल धरतो आणि संपर्क तुटतो. म्हणून सकाळी डिस्कच सापडत नाही. मशीन तापलं, दुपारची कोरडी हवा आली की संपर्क जुळतो. दिवसाची वेळ विचारली नसती तर ही जोड लागली नसती.

मग प्रश्न असा, की डिस्क खराब आहे की फक्त केबल? दोन्ही लक्षणं सारखी दिसतात. वेगळं करायची रीत सोपी आहे: सी७चा आकडा लिहून ठेवायचा, केबल बदलायची, डिस्कला काम द्यायचं आणि कोणता आकडा वाढतो ते पाहायचं. सी७ थांबला आणि सी५ही थांबला तर केबल. सी७ थांबला आणि सी५ वाढतच राहिला तर दोन्ही. पण आजारी डिस्कला चाचणीसाठी म्हणून काम देणं मला पटत नाही. तिच्या अंगात जेवढी ताकद उरली आहे तेवढी माहिती बाहेर काढण्यातच खर्चावी. म्हणून ठरवलं की चाचणी आणि नक्कल एकाच फेरीत करायची.

पहिल्या फॉरमॅटनंतर आठ दिवस बरे का गेले, तेही इथे कळलं. वाट पाहणाऱ्या सेक्टरवर नवं काही लिहिलं गेलं की डिस्क त्याचा निकाल लावते: चालत असेल तर ठेवते, नसेल तर राखीव जागेवर हलवते. विंडोज नव्यानं बसवताना सी ड्राइव्हवर काही जीबी लिहिलं जातं, त्यामुळे तेवढी जागा तात्पुरती स्वच्छ होते. डी ड्राइव्हला कोणी हात लावलाच नव्हता. तिथले सडके सेक्टर तसेच होते आणि त्यातच यादी होती.

नाना तोवर मागे येऊन उभे राहिले होते. मी सांगितलं की डिस्क जातेय. ते म्हणाले, "मशीन गेला तर गेला. माका नावां व्हयी." सहाशेच्या वर गिऱ्हाईक. यातले बरेचसे त्यांच्या वडिलांच्या काळात मुंबईला पेट्या जायच्या तेव्हापासूनचे, आता तिसरी पिढी.

नक्कल आधी

इथे काय केलं नाही ते आधी सांगतो. चेकडिस्क चालवलं नाही. रोज सकाळी आपोआप चालू होणारं ते स्कॅनिंग हेच मोठं संकट होतं. चेकडिस्क फाइलसिस्टिमची दुरुस्ती करायला बनलं आहे, मरणाऱ्या डिस्कमधून माहिती वाचवायला नव्हे. वाचता न येणारी नोंद ते सरळ तोडून टाकतं. निरोगी डिस्कवर ते उत्तम औषध. अशा डिस्कवर ते सगळ्यात शेवटी, तेही नकलेवर. एसएफसी आणि डिसम हे विंडोजच्या फाइली दुरुस्त करणारे आदेशही इथे गैरलागू होते. अठरा वर्षांत मी जेवढी माहिती कायमची गेलेली पाहिली, त्यातली बरीच डिस्कनं घालवली नव्हती, दुरुस्तीनं घालवली होती.

मशीन बंद केलं, डिस्क काढून दुकानात आणली, नवी साटा केबल लावली. व्हेन्टॉय नावाच्या टूलनं बनवलेल्या माझ्या पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ फाइली, म्हणजे अख्ख्या सिस्टिमच्या तयार प्रती, नुसत्या कॉपी करून ठेवल्या आहेत. त्यातून सिस्टिमरेस्क्यू हे लिनक्स सुरू केलं. त्यात जीएनयू डीडीरेस्क्यू असतं. याचा गुण असा की ते अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं काढून घेतं, अडलेल्या जागा एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि मग त्या जागांकडे थोडं थोडं करत परत येतं. मधे लाइट गेली तरी मॅप फाइलवरून तिथूनच पुढे चालू करता येतं, आणि आमच्याकडे हे फार मोलाचं.

चौदा तास लागले. रात्री दोनदा उठून बघितलं. शेवटी १ टीबीतलं सुमारे ८०० केबी सोडून सगळं माझ्या २ टीबीच्या डिस्कवर आलं. स्मार्टचे आकडे पुन्हा पाहिले: सी७ ७५३वरच, सी५ २११. दोन्ही बिघाड खरे होते.

त्या दोन दिवसांत वहिनींनी ऑर्डरी एका शंभर पानी वहीत घेतल्या. मी माझा जुना लॅपटॉप देऊ केला होता, पण त्या म्हणाल्या की वही बरी, आधीच डोक्यात गोंधळ आहे. बरोबर होतं त्यांचं.

८०० केबी

नकलेतून यादीची फाइल उघडली. एक्सेल म्हणालं, फाइल खराब आहे. 'ओपन अँड रिपेअर' केलं तर शहरांच्या पाच पानांपैकी चार आली, पुण्याचं पान कोरं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो, कारण यानं माझ्याकडे तरी तीन-चार वेळा फाइली वाचल्या आहेत. एक्सेलची नवी फाइल, जिच्या शेवटी एक्सएलएसएक्स असतं, ती मुळात एक झिप पेटी असते. सेव्हन-झिपनं ती उघडता येते. आत वर्कशीट्सचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक पानाची वेगळी फाइल. पुण्याच्या पानाची फाइल बाहेर काढताना सेव्हन-झिपनं चूक दाखवली, तरी तुटेपर्यंतचा भाग दिला. १८७पैकी १४० ओळी हाती आल्या.

आणि आणखी एक. त्या पेटीत 'शेअर्ड स्ट्रिंग्ज' नावाची एक फाइल असते. सगळ्या पानांवरचा मजकूर, म्हणजे शब्द, त्या एकाच फाइलमध्ये साठवलेला असतो; पानाच्या फाइलमध्ये फक्त त्याचा क्रमांक आणि खरे आकडे असतात. ती फाइल शाबूत होती. म्हणजे उरलेल्या ४७ माणसांची नावं आणि पत्त्यांचे तुकडे वाचले होते. गेले होते ते फोन नंबर, कारण ते आकडे म्हणून टाइप केलेले होते.

वहिनींनी मग आठवून सांगितलं की दीड वर्षापूर्वी दिवाळीत त्यांनी ही यादी डोंबिवलीच्या दिरांना मेल केली होती. ती जुनी प्रत तिथल्या मेलबॉक्समध्ये मिळाली. त्यातून तेरा नंबर जुळले. उरले ३४.

नावांची खिचडी हा व्हायरस नव्हताच, हे इथे सांगून टाकतो. यादीचा जुना अर्धा भाग श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवतात. पहिल्या फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला, आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. त्याला व्हायरस ठरवून दुसरा फॉरमॅट मारला गेला. वहिनींच्या कपाटात जुन्या डीटीपी क्लासच्या वेळची परवान्याची सीडी होती. फॉन्ट बसवला आणि नावं दोन मिनिटांत माणसांत आली. नंतर ती सगळी युनिकोडमध्ये बदलून घेतली, म्हणजे पुढे कुठल्याही मशीनवर, फोनवर तशीच दिसतील. टायपिंगसाठी विंडोजमध्येच आता मराठी फोनेटिक कीबोर्ड असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

मशीन पुन्हा उभं करताना

नवी ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं फोंडा घाटातून आली. रॅम ८ जीबी केली. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर आहेत तिथे ते पुन्हा बसवणं मला योग्य वाटलं नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, ही मशीनमधली सुरक्षेची सोय. हे मशीन आठव्या पिढीचं, म्हणजे अगदी उंबरठ्यावरचं. टीपीएम होतं, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं. 'पीटीटी' या नावाखाली ते चालू केलं. मशीन त्यासाठी नालायक आहे असं सांगून नवं घ्यायला लावण्याआधी ही एक जागा जरूर बघावी.

आणखी एक गोष्ट सापडली ती मला सगळ्यात जास्त लागली. आधीच्या माणसानं विंडोजची 'प्रो' आवृत्ती बसवून ती चोरट्या अॅक्टिव्हेटरनं चालू केली होती, आणि तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोज डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, अख्खा सी ड्राइव्ह तपासायचा नाही असं सांगून ठेवलं होतं. घराला कुलूप घालून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखं हे. मुळात या मशीनसोबत 'होम'चा खरा परवाना आलेला होता, तो मदरबोर्डच्या चिपमध्येच असतो. होम बसवलं, इंटरनेट मिळालं, आपोआप अॅक्टिव्हेट झालं. लोकांनी ज्याचे पैसे भरलेले असतात ते त्यांना न सांगता फेकून देऊन चोरीचं बसवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अँटीव्हायरस, क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर पुन्हा बसवले नाहीत. विंडोज ११ला डिफेंडर पुरतो. रजिस्ट्री साफ करून मशीन वेगवान होतं हे मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही. बिघडलेलं मात्र पाहिलं आहे. ड्रायव्हर विंडोज अपडेटनं येतात, नाही आले तर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून घ्यावेत. लेबल प्रिंटर अडला होता, तो छपाईची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर सेवा थांबवून, प्रिंटर्सचा फोल्डर रिकामा करून, सेवा परत सुरू केल्यावर सुटला.

वहिनींसाठी मोजकीच टूल्स ठेवली. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. जागा कशानं खाल्ली ते बघायला विझट्री. फाइल क्षणात शोधायला एव्हरीथिंग. सेव्हन-झिप. मशीन चालू होताना आपोआप काय काय सुरू होतं ते पाहायला ऑटोरन्स; हे सिसइंटर्नल्सच्या संचातलं, आणि तो संच २००६पासून मायक्रोसॉफ्टचाच आहे. पण त्यात 'पाहा, खूण काढू नका, मला फोन करा' असं सांगितलं. आणि विंडोजमध्येच लपलेला रिलायबिलिटी मॉनिटर: सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की उघडतो, तारखेवार आलेख देतो, कुठल्या दिवशी काय पडलं ते लाल फुल्यांनी दाखवतो. इव्हेंट व्ह्यूअर बघून घाबरणाऱ्या माणसाला हा कळतो.

फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा खरा बंद होत नाही, डिस्कवर झोपवून ठेवला जातो; म्हणून 'बंद करून चालू केला तरी तसाच' अशी तक्रार येते. एसएसडीवर त्या झोपेचा फायदाही फारसा उरत नाही.

घर आणि हवा

सॉफ्टवेअर कितीही नीट बसवलं तरी मशीन त्याच खिडकीखाली ठेवलं असतं तर पुढच्या शिमग्याला मी परत तिथेच असतो. कॉम्प्युटर पडवीतून माजघराच्या आतल्या भिंतीला हलवला, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळीवर, आढीच्या खोलीच्या दाराकडे पाठ न करता. रॅमचे आणि बाकीचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले. खोडरबरानं घासायची सवय पुष्कळांना आहे, पण तो सोन्याचा पातळ मुलामाही घासतो. एकदा गेला की खारी हवा आत शिरायला मोकळी. पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन रोज तासभर चालू ठेवा असं सांगितलं. चार महिने झाकून ठेवलेलं मशीन इथे हमखास कुजतं, चालणारं स्वतःच्या उबेनं कोरडं राहतं.

अंगाला लागणाऱ्या झिणझिण्या अर्थिंगच्या होत्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २२ व्होल्ट भरले. जांभ्याची जमीन चैत्रात पार सुकते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. वायरमनला बोलावून खड्डा नव्यानं भरून घेतला, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं काम नानांनी आपणहून घेतलं. यूपीएसला नवी बॅटरी बसली.

बॅकअपसाठी दोन वाटा केल्या. फ्रीफाइलसिंकनं रोज संध्याकाळी एका बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क वीज आणि व्हायरस दोन्हींना सापडते. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर, जिथे १५ जीबी फुकट मिळते. सगळी यादी, बिलं, हिशेब मिळून २ जीबीसुद्धा होत नव्हते. मग वहिनींना म्हटलं, आता यादीची फाइल डिलीट करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, करा, आणि मी हात न लावता तुम्हीच परत आणा. पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली, दुसऱ्या वेळी तीन. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

उरले ते ३४ नंबर. त्या संध्याकाळी नाना खळ्यात खुर्ची टाकून बसले आणि वहिनींनी एकेक नाव वाचलं. नानांकडे १९९०च्या दशकातल्या दोन डायऱ्या होत्या; त्यांत काहींचे जुने लँडलाइन नंबर, काहींच्या शेजाऱ्यांचे. नाव ऐकलं की ते आधी माणूस सांगायचे, 'ह्यांचो थोरलो बँकेत होतो', आणि मग डायरीचं पान शोधायचे. नऊ नंबर तसे मिळाले.

बाकी पंचवीस जणांच्या ओळी वहिनींनी पिवळ्या रंगात ठेवल्या, नाव आणि पुढे रिकामा चौकोन. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी त्यातल्या एकाचा कोथरूडहून फोन आला, यंदा पेटी पाठवणार नाही का म्हणून. वैशाख संपेपर्यंत असे सोळा फोन आले. मृगाच्या पहिल्या पावसात मी बॅटरी तपासायला गेलो तेव्हा पिवळ्या ओळी नऊच उरल्या होत्या.